साडी स्टँडची ऑर्डर आणि पाइप कापायचं जुनं मशीन : कामाच्या नोंदी

९ जून २०२४

बेळगावच्या शहापुरातल्या साडीवाल्या काकांची ऑर्डर आज पक्की झाली. दुकानात साड्या टांगून दाखवायचे स्टँड, एक इंची पाइप, काही गोल काही चौकोनी, १८ गेज म्हणजे भिंत १.२ एमएम, आणि प्रत्येक चौकटीचे चारही कोपरे ४५ डिग्रीमध्ये कापून जोडायचे. पाइप बेंड करून देतो म्हटलं तर काका नको म्हणाले, बेंड केलेला पाइप दवाखान्यातल्या कॉटसारखा दिसतो, मला कोपरा कडक पाहिजे. वरून पांढरं पावडर कोटिंग.

आता पांढऱ्या कोटिंगखाली काही लपत नाही. साध्या कलरला लांबी म्हणजे पुट्टी भरून घासून वेळ मारून नेता येते, पण पावडर कोटिंगचा माल १८० ते २०० डिग्रीच्या भट्टीत जातो आणि तिथं साधी लांबी टिकत नाही, फुगते नाहीतर तडकते. म्हणजे जोड कापतानाच बसला पाहिजे.

आपल्याकडं १४ इंची चॉपसॉ, म्हणजे घासणाऱ्या चकतीचं कटिंग मशीन आहे. अँगल, चॅनल, जाड पाइप यांना ते चांगलंच, त्याच्यावर माझा राग नाही. पण ३५५ एमएमची चकती ३८०० आरपीएमनं फिरते आणि ती कापत नाही, घासते. १.२ च्या भिंतीला ती उष्णता सहन होत नाही, कड निळी पडते, आतून बर, म्हणजे कापताना कडेला राहणारा खरखरीत धातू, वितळून चिकटून बसतो आणि कानशीनं तो काढायला कापण्यापेक्षा जास्त वेळ जातो. त्यात ४५ वर लावलं की चकती टेकताना बाजूला वाकते, पाइप ज्याला टेकतो तो मागचा फेन्स दोन बोल्टवर, त्यामुळं सकाळी लावलेला ४५ दुपारपर्यंत ४५ राहीलच असं नाही.

रात्री हिशोब मांडला. ४५ मध्ये कापलं की एक इंची पाइपचा कट साधारण ३६ एमएम लांब होतो. अर्धा डिग्री चुकला तर एका तुकड्याला टोकाला ०.३ एमएम, दोन तुकडे मिळून ०.६ एमएम फट. १.२ च्या भिंतीत ०.६ ची फट म्हणजे मिग वेल्डिंगची ०.८ ची वायर लावली तरी भोक पडणारच. आणि एका चौकटीत आठ कट, आठही एकाच बाजूला अर्धा अर्धा डिग्री चुकले तर शेवटच्या कोपऱ्यात ४ डिग्रीची चूक एकदम बाहेर येते, मग पट्टा लावून ओढायचं, टॅक म्हणजे वेल्डिंगचा टिपका मारायचा आणि स्टँड जन्मभर पिळलेला.

तेव्हा ठरलं, जुनं पण चांगलं मशीन बघायचं. बजेट ब्लेड, टेम्पो सगळं धरून ६० हजार.

१३ जून

मामांना विचारलं. उद्यमबाग इंडस्ट्रियल एरियात आयुष्यभर टर्नर म्हणून काम केलेला माणूस, रिटायर झाले तरी कान अजून मशीनकडंच. ते म्हणाले, "आरं, एचपी विचारू नको कुणाला. पातळ पाइपला ताकद लागतीय कुठं? पकड बघ आणि दात बघ."

मला हे पटलं. जुनं मशीन विकणारा पहिल्यांदा मोटर सांगतो, मग रंग मारलेली बॉडी दाखवतो. पातळ पाइपच्या कामात मोटर शेवटी येते. पहिला व्हाइस म्हणजे पाइप पकडणारा शिकंजा, कारण पाइप हलला की दात तुटला आणि जास्त आवळला की पाइप चेपला. दुसरं ब्लेडच्या दातांमधलं अंतर. तिसरं हेड, म्हणजे मोटर आणि ब्लेडचा वरचा भाग, ४५ ला जाऊन घट्ट थांबतं का.

हॅक्सॉ मशीन पहिल्या दिवशीच यादीतून काढलं. सॉलिड बार कापायला ठीक, पण पुढंमागं हिसके देत जाणारं पातं पातळ पाइपमध्ये अडकतं आणि भिंत आत दाबतं.

मच्छे इंडस्ट्रियल एरियात एका बंद शेडमध्ये छोटा बँडसॉ (पट्ट्यासारखं ब्लेड फिरणारं मशीन) होता तो बघून आलो. मशीन स्वच्छ, ब्लेड अर्धा इंच रुंदीचं. बँडसॉचा नियम सगळ्यांना माहीत असतो, कमीत कमी तीन दात मटेरियलमध्ये पाहिजेत. आता मोजूया. २४ टीपीआयचं ब्लेड म्हणजे इंचाला २४ दात, दोन दातांत १.०६ एमएम. पाइपच्या वरच्या भागात ब्लेड भिंतीला आडवं लागतं तिथं भरपूर दात असतात, पण मधोमध आलं की दोन्ही बाजूच्या उभ्या भिंतीत जेमतेम एकेक दात. ३२ टीपीआय लावलं तरी दीड. तीन दातांचा नियम पाळायला ६० च्या वर टीपीआय लागेल, तसलं ब्लेड बाजारात कुठलं. हळू फीडवर काम होतं, होत नाही असं नाही, बरेच लोक करतात. पण तिरक्या कटात अर्ध्या इंचाचं पातळ ब्लेड भटकतं आणि ते मला चालणार नाही.

दुसरी अडचण जागेची. त्या मशीनचं हेड सरळच राहतं, व्हाइस फिरतो. पाइपची लेंथ ६ मीटर. व्हाइस ४५ ला फिरवला की २० फुटी पाइप शेडमध्ये तिरका, एक टोक वेल्डिंग टेबलावर आणि दुसरं दारातून पावसात. ज्याच्याकडं मोठं आंगण आहे त्यानं जरूर घ्यावं.

१७ जून

खानापूर रोडला एका कॉन्ट्रॅक्टरकडं ड्राय कटचं मशीन विकायला आहे असं कळलं. दिसायला चॉपसॉसारखंच, पण चकतीच्या जागी कार्बाइड टिपचं ब्लेड आणि स्पीड १३०० आरपीएम. खरं सांगतो, मोह पडला होता. बरोबर नेलेला पाइप कापला, ठिणग्या जवळजवळ नाहीत, तुकडा हातात धरता येईल एवढाच कोमट, बर एकदम कमी. किंमतही आवाक्यातली.

पण ब्लेडवर दात ६६. ३५५ च्या ब्लेडचा घेर १११५ एमएम, म्हणजे दोन दातांत जवळपास १७ एमएम. १.२ च्या भिंतीवर प्रत्येक दात येऊन हातोडीसारखा आदळतो. ८० किंवा ९० दातांचं घेतलं तर बरं होईल पण तत्त्व तेच. आणि फेन्स बघितला तर परत तेच दोन बोल्ट, तोच प्रकार. साइटवर रेलिंग करणाऱ्यासाठी हे मशीन फार उपयोगाचं, माझ्या कोपऱ्यांसाठी नाही.

तिथला एक पोरगा विचारत होता, हेच ब्लेड आमच्या साध्या चॉपसॉला लावलं तर? त्याला बसवून सांगितलं, इथंही लिहून ठेवतो कारण हा प्रश्न खूप जण विचारतात : अजिबात लावायचं नाही. चॉपसॉ ३८०० नं फिरतो, दातांच्या ब्लेडवर त्याची जास्तीत जास्त आरपीएम छापलेली असते आणि ती त्याच्या अर्ध्याच्या आसपास असते. टिप उडाली तर थेट तोंडावर येते. लाकडाच्या मायटर सॉवर लोखंड कापणंही त्याच कारणासाठी नको.

२२ जून

आता कोल्ड सॉवरच लक्ष. एचएसएसचं म्हणजे हाय स्पीड स्टीलचं गोल ब्लेड, गिअरबॉक्समधून अगदी हळू फिरणारं, वरून कुलंट म्हणजे ब्लेड थंड ठेवणारं तेलपाणी. उद्यमबागेत एका शेडमध्ये एक उभं होतं. तिथले फोरमन अण्णा कानडी, "बर्री बर्री, नोड्री (या या, बघा), चालू आहे मशीन" म्हणत त्यांनी बटण दाबलं, मशीन छान फिरलं, आवाजही फार नव्हता.

मामांनी मशीन बंद करायला लावलं आणि ब्लेड दोन्ही हातांनी धरून पुढंमागं हलवलं. ब्लेड फिरवणाऱ्या वर्म गिअरला थोडा प्ले म्हणजे ढिलेपणा असतोच, पण हे ब्लेड बोटभर हलत होतं. प्ले एवढा असला की दात मटेरियलमध्ये घुसताना ब्लेड पुढं उडी मारतं, जाड बारमध्ये ते कळत नाही पण पातळ भिंतीत तिथंच दात जातो. मग त्यांनी गिअरबॉक्सचा ड्रेन बोल्ट जरा सैल केला, दोन थेंब तेल बोटावर घेतलं आणि मोबाईलच्या टॉर्चखाली अंगठ्यानं चोळलं. तेलात बारीक सोनेरी चुरा चमकत होता, मेंदीच्या कोनातून येते तशी बारीक रेघ अंगठ्यावर उमटली. वर्म व्हील ब्रॉन्झचं असतं, तो चुरा म्हणजे त्याचे दातच झिजून तेलात आलेले.

अण्णांना तोंडावर काही बोललो नाही, चहा घेतला. परत येताना मामा म्हणाले व्हील नवीन ओतून हॉबिंग म्हणजे दात पाडून घेता येईल, बेळगावात फाउंड्रीला काय तोटा. खरं आहे, पण मग मशीन आणि व्हीलची मिळून किंमत बजेटच्या पुढं जाते आणि ऑर्डर लांबते.

३० जून

गोकुळ शिरगावला जाऊन आलो. एका कारखान्यानं फर्निचरची लाइन बंद केली, त्यांचं २७५ एमएम ब्लेडचं हातानं ओढायचं कोल्ड सॉ. निपाणीच्या पुढं पाऊस असा की कोगनोळी नाक्यावर समोरचा ट्रक दिसेना. बरोबर आपला पाइप, आपला गुण्या आणि बारीक हालचाल मोजणारा मामांचा डायल गेज. जुनं मशीन बघायला जाताना आपलं मटेरियल आपण न्यावंच, विकणारा त्याच्याकडचा जाड बार कापून दाखवतो आणि जाड बारमध्ये सगळीच मशीनं चांगली दिसतात.

काय काय बघितलं ते सविस्तर लिहितो, कारण कुणाला उपयोगी पडेल.

ब्लेड काढून, ते ज्यावर बसतं त्या फ्लँजच्या तोंडावर डायल लावला, हातानं फिरवलं, काटा दोन शतांश एमएमच्या आत. फ्लँजवर ओरखडे नाहीत. ब्लेडला फिरवणाऱ्या ड्राइव्ह पिना गोल आहेत, चेपलेल्या नाहीत. ब्लेडचं भोक ३२ एमएम, म्हणजे ब्लेड सगळीकडं मिळेल, फक्त पिनांच्या भोकांचं अंतर मोजून घेतलं कारण ३२ च्या ब्लेडमध्येही ते वेगवेगळं येतं. तेल काळं होतं, जुनं, पण सोनेरी काही नाही. ब्लेड हलवून बघितलं, प्ले जाणवण्यापुरता.

मग हेड खाली ओढून हँडलच्या टोकाला बाजूला रेटलं, डायल ब्लेडच्या फ्लँजला. हेड ज्यावर वरखाली होतं त्या पिव्होटची बुशिंग झिजली का ते इथं कळतं. जरा हललं, पण दोन्हीकडं शिम (पातळ पत्रा) घालायची किंवा नट आवळायची सोय दिसली.

व्हाइसला मामांची कागदाची पट्टी. जबड्यात वर एक, खाली एक पट्टी धरून आवळायचं आणि दोन्ही ओढून बघायच्या. वरची घट्ट आणि खालची सुटली तर जबडा उघडा पडतोय, पातळ पाइप त्यात फिरणार. इथं दोन्ही घट्ट बसल्या. आणि मला खरं आवडलं ते म्हणजे व्हाइस ब्लेडच्या दोन्ही बाजूंना पाइप धरतो, त्यामुळं कट संपताना सुटणारा तुकडा ब्लेडवर पडत नाही आणि शेवटची शेपटीसारखी बर राहत नाही.

हेड डावीउजवीकडं ४५ पर्यंत फिरतं, पाइप जागेवर सरळच राहतो. माझ्या शेडचा प्रश्न तिथंच सुटला.

स्केलवर ४५ लिहिलंय म्हणून ४५ असतोच असं नाही. चौकोनी पाइपचे दोन तुकडे कापले, एक उलटा करून दुसऱ्याला भिडवला आणि गुण्यात धरला. असं केलं की चूक दुप्पट होऊन दिसते. टोकाला केसभर उजेड दिसला. स्टॉपचा बोल्ट पाव फेऱ्यानं फिरवून परत कापले, उजेड गेला. मशीन लावल्यावर ऐकतंय ही मोठी गोष्ट, जे झिजलंय ते ऐकत नाही.

मोटर दोन स्पीडची, ब्लेड मिनिटाला साधारण ४५ आणि ९० फेरे. दोन्ही स्पीडवर चालवून बघितली. नेमप्लेट ४१५ व्होल्ट. ज्यांच्याकडं सिंगल फेजच आहे त्यांनी इथं नीट बघावं, अशी दोन स्पीडची मोटर सहसा ४१५ वरच चालते, तिची जोडणी बदलून ती २३० वर चालवता येत नाही, त्यामुळं सिंगल फेजवरून थ्री फेज देणारा साधा ड्राइव्ह लावून भागत नाही. आपल्याकडं हेस्कॉमचं (इथली वीज कंपनी) थ्री फेज आहे म्हणून चिंता नव्हती.

५८ हजार सांगितले, ४६ ला तुटलं. कुलंटचा पंप अडकलेला होता ते धरून कमी केलं. विसार देऊन आलो.

४ जुलै

मशीन आलं. दुसऱ्या राज्यातून माल आणताना किंमत ५० हजारांच्या वर गेली की ई वे बिल लागतं, आपलं त्याच्या आत होतं तरी बिल पक्कं घेतलं आणि ड्रायव्हरकडं दिलं. छोट्या हत्तीतून चेन पुलीनं उतरवलं. ताडपत्री होती तरी टेबलावर पाणी गेलेलं, लगेच पुसून तेल मारलं. बेळगावच्या पावसाळ्यात घासलेलं कास्टिंग एक रात्र ओलं राहिलं तर सकाळी लाल होतं.

८ जुलै

कुलंटचा पंप खोलला, आत बर आणि चिखल घट्ट झालेला, साफ केल्यावर चालला. टाकी धुतली. सोल्युबल ऑइल साधारण १० भाग पाण्याला १ भाग, आणि तेल पाण्यात ओतायचं, पाणी तेलात नाही, नाहीतर गुठळ्या होतात. गिअरबॉक्सचं तेल बदललं.

वायरिंग झाल्यावर ब्लेड न लावता नुसता फ्लँज फिरवून दिशा बघितली. उलटा फिरत होता, दोन फेज अदलाबदल केले. थ्री फेजचं मशीन जागा बदललं की हे पहिल्यांदा बघायचंच.

ब्लेड नवीन आणलं, जुन्याचे दात जाड मालाचे होते. २७५ चं, २८० दात, म्हणजे दोन दातांत ३ एमएमच्या आसपास. दाताचा प्रकार बीडब्ल्यू, एकेक दात आळीपाळीनं डावीउजवीकडं उतरता, पातळ पाइपला हाच. सॉलिडला लागणारा एचझेड वेगळा, दुकानदार जो शेल्फवर असेल तो देतो म्हणून मागतानाच सांगायचं. या अंतरातही उभ्या भिंतीत एका वेळी पूर्ण दात बसत नाही, पण इथं ब्लेड जाड आहे, फ्लँजनं घट्ट धरलंय, स्पीड कमी आहे, ते भटकत नाही की उडी मारत नाही. कमी स्पीडवर दाताचा वेग मिनिटाला ३८ ते ३९ मीटर येतो, साध्या लोखंडाला एचएसएसचा तो चांगला वेग.

पहिले काही कट अगदी हलक्या हातानं, नवीन दाताची धार जरा बसू दिली.

१२ जुलै

आज व्हाइसचं काम. लोखंडी जबड्यात गोल पाइप दोनच रेघांवर धरला जातो, घट्ट आवळला की अंड्यासारखा होतो आणि कापल्यावर दोन तुकड्यांची तोंडं जुळत नाहीत. नायलॉनच्या ठोकळ्याला मधोमध एक इंचाचं भोक पाडून तो उभा दोन भाग केला, मधून एक एमएम काढून टाकलं म्हणजे आवळायला जागा राहते. हे दोन अर्धे जबड्यांवर स्क्रूनं बसवले. आता पाइप सगळ्या बाजूंनी धरला जातो, हाताच्या ताकदीनं आवळला तरी कॅलिपरमध्ये गोलाई बदलत नाही. चौकोनीसाठी जबडे तसेच ठेवायचे, ठोकळे काढून.

गोल पाइपची दुसरी गोष्ट म्हणजे पिळ. दोन्ही टोकांचे ४५ एकाच पातळीत आले पाहिजेत, चौकोनी पाइप स्वतःच बसतो, गोल फिरतो. ईआरडब्ल्यू म्हणजे पत्रा वळवून वेल्ड केलेल्या पाइपच्या आत वेल्डची उभी लाइन असते, ती धरून खूण करता येते पण डोळ्याचा अंदाज कमी पडतो. म्हणून लांबीच्या स्टॉपला सपाट प्लेट न लावता ४५ मध्ये उभी प्लेट लावली. पहिलं टोक आधी सगळ्या तुकड्यांचं कापून घ्यायचं, मग हेड दुसरीकडं फिरवायचं आणि कापलेलं तोंड त्या तिरक्या प्लेटला सपाट टेकवायचं. तोंड पूर्ण टेकलं म्हणजे लांबीही बरोबर आणि पिळही शून्य, बोटानं पाइप जरा फिरवला की टेकलेलं सुटतं ते लगेच हाताला कळतं.

हात कसा ओढायचा तेही पोराला शिकवलं. सुरुवातीला हळू, वरची भिंत कापून दोन उभ्या भिंतींत गेलं की आणखी हलका, कारण तिथं दाताखाली मटेरियल कमी, जोर लावला तर दात खोल घुसतो. खालची भिंत आली की परत एकसारखा. आवाज एकसुरी राहिला पाहिजे, टकटक यायला लागली की हात जड पडतोय. हेड ४५ ला असताना भिंत तिरकी कापली जाते, १.२ ची १.७ होते, म्हणून तिरका कट खरं तर सरळ कटापेक्षा गुळगुळीत जातो.

१९ जुलै

पहिल्या चौकटी टॅक झाल्या. पाच फूट बाय तीन फूट, कर्ण मोजले तर एक एमएमच्या आत फरक, पट्टा लावून ओढायची गरज पडली नाही. कोपऱ्यात कागद जात नाही. आर्गॉन वेल्डिंगनं जोड मारला, बऱ्याच ठिकाणी फिलर म्हणजे भरायची तार नाममात्र, दोन्ही कडा वितळून एकजीव झाल्या. बाहेरून घासायचा पट्टा हलका फिरवला की कोटिंगला माल तयार. आत कुलंट राहतं ते मात्र कापल्या कापल्या फुंकून कपड्यानं पुसायचं, नाहीतर आर्गॉनला जोडात बुडबुडे येतात आणि भट्टीत तेच तेल बाहेर येऊन कोटिंगला डाग पडतो.

काका दुपारी येऊन गेले. कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हां, हेच पायजे होतं."

ब्लेडला अजून धार आहे. कटाच्या खालच्या कडेला बर वाढायला लागला की काढून शार्पनिंगला द्यायचं, दात तुटेपर्यंत चालवत बसायचं नाही, एचएसएसचं ब्लेड बऱ्याच वेळा धार लावून निघतं. तोवर काम अडू नये म्हणून दुसरं ब्लेड सांगून ठेवलंय. पिव्होटचा नट आज परत तपासला, सैल नाही. पहिला लॉट सोमवारी कोटिंगला जाईल.